उडता येत नाही, तरी कड्यावरून उडी? (ब्रुनिकचा गिलेमॉट)

सायली_वाचते

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात एक दीड मिनिटाचा व्हिडिओ पाहिला, तो काही डोक्यातून जात नाहीये. उभा काळा कडा, खाली समुद्र, कड्याच्या कंगोऱ्यांवर काळेपांढरे पक्षी एकमेकांना खेटून उभे. त्यातलं एक एवढंसं पिल्लू कडेला येतं, खाली वाकून बघतं, मागे सरकतं, पुन्हा येतं आणि चक्क उडी मारतं. पंख म्हणावेत असं अंगावर काही नाहीच. पाठोपाठ एक मोठा पक्षी झेपावतो आणि दोघं पाण्यात. वर 'पेंग्विनचं धाडसी पिल्लू' असं शीर्षक, खाली टाळ्यांचा पाऊस. जागा स्वालबार्ड लिहिली होती, म्हणजे नॉर्वेच्याही पार वर.

माझ्या सात वर्षांच्या लेकीने लगेच विचारलं, "आईने ढकललं का गं त्याला?" मी नाही म्हणाले, पण ते आपलं तिला बरं वाटावं म्हणून. व्हिडिओवाला म्हणतो की सोबत जातो तो बाप. मग आई कुठे असते? उडता येईपर्यंत थांबायला काय हरकत आहे? आणि घरटं कुठेच दिसलं नाही, नुसत्या दगडावर अंडं घालतात म्हणे. ते गडगडत कसं नाही?

जाणकारांनी जरा सविस्तर लिहा. 'निसर्गाची किमया' एवढंच उत्तर नको, ते व्हिडिओखाली दोनशे जणांनी दिलंय.

---

निखिल_दुर्बीण

पेंग्विन नक्की नाही. पेंग्विन सगळे दक्षिणेकडचे, फार तर गॅलापागोसचा एक विषुववृत्ताला चाटून जातो. स्वालबार्डच्या कड्यावरचा काळापांढरा म्हणजे ब्रुनिकचा गिलेमॉट. अमेरिका-कॅनडाकडे यालाच थिक-बिल्ड मर म्हणतात, शोधताना दोन्ही नावं टाका. चोच बंद असताना तिच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ दिसते ती बघा. त्याचा भाऊबंद, साधा गिलेमॉट, त्याच्या चोचीवर ती रेघ नसते.

पेंग्विनशी नातं काही नाही. हे ऑक नावाच्या समुद्रपक्ष्यांच्या कुळातले, रंगीत चोचीच्या पफिनचे चुलत. पाण्यात पंखांनी पोहायचं काम दोन्हीकडे सारखं, म्हणून दिसायला सारखे झाले.

बाकीचं सांगायला आपले इंजिनकाका येतीलच.

---

इंजिनरूम_निवृत्त

आलो. निखिल, हाक मारायची सवय गेली नाही तुझी.

सायलीताई, मी पक्षीतज्ज्ञ नाही. बोटीवर इंजिनिअर होतो, शेवटची काही वर्षं उत्तरेकडे पर्यटक नेणाऱ्या एका छोट्या बोटीवर काढली. त्या बोटीवर अभ्यासक मंडळी असायची, मेसमध्ये त्यांच्या शेजारी जेवायचो, त्यातून नाद लागला तो लागलाच. पाहिलेलं आणि वाचलेलं मिसळून लिहितो, चालवून घ्या.

लेकीला आधी सांगून टाका की कुणी ढकलत नाही. पिल्लू स्वतः उडी मारतं. बाप शेजारी उभा राहून घशातल्या घशात घोगरं ओरडत असतो, पिल्लू त्याला चिरक्या शिट्टीने उत्तर देत असतं, आणि हे तासन् तास चाललेलं असतं. पुढे पाण्यात हजारोंच्या गर्दीत दोघं एकमेकांना सापडतात ते या आवाजावरच.

तुमचा व्हिडिओ बहुधा आल्केफ्येलेटचा असावा. हिन्लोपेनच्या सामुद्रधुनीत, ७९ अंश उत्तरेच्याही पलीकडे, डोलेराइट या काळ्या टणक दगडाचा शंभरेक मीटर उंच कडा आहे. खांबांसारखे उभे दगड, आणि प्रत्येक खाचेत पक्षी. सुमारे ६०,००० जोड्या तिथे वीण करतात असं सांगतात. लांबून कडा काळा दिसतो, जवळ गेलं की वास येतो आणि आवाज इतका की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागतं. जहाजांना तिथे विणीच्या हंगामात भोंगा वाजवायला बंदी आहे. भोंग्याला दचकून पक्षी एकदम उठले की पायांवर घेऊन उबवत असलेली अंडी खाली जातात.

तसं इंजिनवाल्याला कड्यापाशी जायचं कारण नसतं. पण ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा पर्यटकांच्या रबरी होडीचं आउटबोर्ड इंजिन तापायला लागलं, थंड करायच्या पाण्याची धार बंद झाली होती. जाळीत बर्फाचा चुरा अडकला असणार म्हणून मला दुसऱ्या होडीतून पाठवलं. मी इंजिन वर उचलून तारेने जाळी टोकरत बसलो होतो. रात्रीचे अकरा वाजले असतील, उन्हाळा असल्यामुळे ऊन लख्ख. माझ्यापासून हातभर अंतरावर पाण्यात काहीतरी 'टप्प' करून पडलं. दगड सुटला असं वाटलं. बघतो तर मुठीएवढं पिल्लू, तरंगतंय, मान ताठ करून शिट्टी मारतंय. पाठ काळी, पोट पांढरं, आणि पंखांच्या जागी दोन थोटकी फळकुटं. तेवढ्यात बाप धाडकन शेजारी उतरला. दोघांनी एकमेकांच्या चोचीला चोच लावली, बापाने दोनदा मान खाली-वर केली आणि जोडी खुल्या समुद्राकडे तोंड करून पोहायला लागली. कड्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यानंतर ते टप्प टप्प चहूबाजूंनी सुरू झालं. दोन-तीन पिल्लं पाण्यापर्यंत पोचलीच नाहीत. खाली मोठे पांढुरके ग्लॉकस गल (गल म्हणजे आपल्याकडचे कुरव) टपून होते, एकाने पडतं पिल्लू हवेतच झेललं आणि गिळलं. एक पिल्लू दगडावर आपटलं, चेंडूसारखं उसळलं आणि चालत पाण्याकडे निघालं. अंगावर चरबी असते आणि वजन जेमतेम २०० ग्रॅम, त्यामुळे आपटूनही बहुतेक वेळा काही होत नाही. कोल्ह्याच्या तावडीत सापडलं तर मात्र संपलं.

सगळी पिल्लं थोड्याच दिवसांत, तीही बरीचशी संध्याकाळी-रात्री, उड्या मारतात ते याचसाठी. गल खाऊन खाऊन किती खाणार.

आता तुमचा मुख्य प्रश्न, थांबत का नाहीत. मला तो समजला तो इंधनाच्या हिशोबातून, म्हणून तसाच मांडतो.

या पक्ष्याचा पंख दोन कामांसाठी एकच आहे. हवेत उडायला लांब-रुंद पंख बरा. पाण्याखाली वल्हवायला आखूड आणि कडक. दोन्ही एकाच पंखात बसवायचं तर कुठेतरी झीज सोसावी लागते, आणि याने ती हवेत सोसली. पाण्यात हा वस्ताद आहे. कॅनडात हडसन उपसागराच्या तोंडाशी कोट्स बेट आहे, तिथल्या एका पक्ष्याच्या अंगावर खोली मोजायचं यंत्र लावलं होतं, त्यात २१० मीटरची नोंद मिळाली. एक किलोचा पक्षी, एका श्वासावर! रोजच्या बुड्या अर्थात एवढ्या खोल नसतात.

पण हवेत? सेकंदाला दहाएक वेळा पंख मारावे लागतात, जरा ढिलाई केली की खाली. २०१३ साली काइल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोट्स बेटावरच मोजमाप केलं. उडताना हा पक्षी स्वस्थ बसलेला असतानाच्या ३१ पट ऊर्जा जाळतो. तोवर मोजलेल्या कुठल्याही उडणाऱ्या प्राण्यात एवढा खर्च आढळला नव्हता. असं इंजिन माझ्या हाताखाली असतं तर मी मालकाला ते विकायला सांगितलं असतं.

आता या पक्ष्याला कड्यावरचं पिल्लू पोसायचं आहे. मासे दूर, काही वेळा कित्येक किलोमीटर दूर. आणि हा चोचीत एका वेळी एकच मासा आणतो, डोकं आत, शेपूट बाहेर. पफिनसारखी दहा-दहा माशांची ओळ लावायची सोय नाही. म्हणजे एवढ्या महागड्या फेरीत माल किती, तर एक ध्रुवीय कॉड. शिवाय लाखभर पक्षी एकाच ठिकाणी जेवायला बसले की जवळपासचे मासे विरळ होत जातात, दिवसेंदिवस आणखी लांब जावं लागतं. पिल्लाची भूक मात्र वाढत असते. आई-बाप दोघं राबूनही पिल्लू कड्यावर राहून पूर्ण वाढीला पोचणं शक्यच नाही. मोठ्या पक्ष्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापाशी गाडी अडते.

तेव्हा मासा पिल्लाकडे आणण्याऐवजी पिल्लू माशांकडे न्यायचं. तीनेक आठवड्यांत अंगावरची लव जाऊन पाणी न शिरणारी पिसं येतात, तेवढं झालं की पुरे. उडायची लांब पिसं यायला अजून बराच वेळ असतो. थोटक्या पंखांवर थोडं तिरकं घरंगळत पाणी गाठता आलं म्हणजे झालं. कड्यावर राहण्यातही धोका आहेच, गल तिथेही येतात. पाण्यात धोका जास्त, पण पोटभर खाणं आहे. हे धाडस-बिडस नाही हो, साधा जमाखर्च आहे.

आईबद्दल नंतर लिहितो, जेवायला हाक आलीय.

---

अनघा_वि

काका, वर्णन झकास. पण मला एक पटलं नाही. सगळेच समुद्रपक्षी दुरून मासे आणतात. किटिवेकसुद्धा त्याच कड्यांवर असतात ना? त्यांची पिल्लं उडता येईपर्यंत घरट्यात बसतात. मग 'शक्यच नाही' कसं म्हणता?

आणि 'बाप ग्रेट' हे वाचून वाचून कंटाळा आलाय. तीन आठवडे अर्धं काम तिनेही केलंच असेल की.

---

इंजिनरूम_निवृत्त

अनघाताई, किटिवेक हा गल. लांब पंख, हलकं अंग, वाऱ्यावर स्वस्तात तरंगतो, आणि मासे गळ्यात साठवून एकदम आणतो. पण खोल बुडी त्याला जमत नाही, पृष्ठभागाजवळचं मिळेल तेवढंच. दोघं शेजारी राहतात, धंदा मात्र वेगळा. ऑक कुळातच बघा ना: पफिन बिळात राहतो, पिल्लू सुरक्षित असतं, म्हणून त्याला सहा आठवडे आत ठेवणं परवडतं. उघड्या कंगोऱ्यावर राहणारे मोठे ऑक, म्हणजे दोन्ही गिलेमॉट आणि रेझरबिल, तिघांची पिल्लं अर्धवट वाढीतच उडी घेतात आणि तिघांतही बापच सोबत जातो. 'शक्यच नाही' याऐवजी 'या पंखांच्या पक्ष्याला परवडत नाही' असं वाचा.

आईचं म्हणाल तर बरोबर बोललात. अंडं तिचं, एका अंड्यात तिच्या वजनाचा दहावा हिस्सा जातो. अंडं उबवणं दोघांचं, महिनाभराहून थोडं जास्त, पाळीपाळीने. पिल्लाला भरवणंही दोघांचं. पिल्लू गेल्यावर ती लगेच निघून जात नाही, काही दिवस तीच जागा धरून बसते. कंगोऱ्यावरची वीतभर जागा म्हणजे या पक्ष्यांची सगळी इस्टेट. चांगली जागा सुटली तर पुढच्या वर्षी दुसरं कुणी बसलेलं असतं, आणि पंचवीस वर्षांहून जास्त जगू शकणाऱ्या पक्ष्याला पुढची वर्षं मोजावी लागतात. ती जागा राखते की आणखी काही, आणि बापच का, यावर अभ्यासकांचं एकमत झालेलं मी तरी वाचलेलं नाही.

बापाचं मात्र एक आहे. वीण संपली की मोठ्या पक्ष्यांची उडायची सगळी पिसं एकदम गळतात, काही आठवडे हवेत उठताच येत नाही. म्हणजे पिल्लूही उडत नाही आणि बापही उडत नाही. दोघं पोहत शेकडो किलोमीटर जातात. पोहत स्थलांतर करणारे पक्षी पेंग्विन सोडले तर फारसे नाहीत. या काळात पिल्लू असलेला बाप एकट्या माद्यांपेक्षा कितीतरी जास्त बुड्या मारतो, कारण दोन पोटं भरायची असतात. हे महिना-दीड महिना किंवा त्याहून थोडं जास्त चालतं, मग पिल्लू आपल्या वाटेने जातं.

---

काचेचं_भिंग

अंड्याचा प्रश्न राहिला तो मी घेते. शाळेत जीवशास्त्र शिकवते, आणि या अंड्याबद्दलची एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत इतकी रुजलीय की ती उपटणं जिवावर येतं.

गोष्ट अशी: गिलेमॉटचं अंडं एका टोकाला निमुळतं, नाशपतीसारखं. त्यामुळे ते घरंगळलं तर सरळ न जाता छोट्या वर्तुळात फिरतं आणि कड्यावरून पडत नाही. ऐकायला छान. यातली अडचण अशी की वर्तुळ छोटं असलं तरी कंगोरा त्याहून अरुंद असतो! रिकामं, फुंकलेलं अंडं टेबलावर ठेवून प्रयोग करणाऱ्यांना ते फिरताना दिसायचं. भरलेलं, उबवलं जाणारं अंडं तसं वागत नाही.

शेफील्ड विद्यापीठाचे टिम बर्कहेड यांनी बरीच वर्षं या अंड्यांवर घालवली, मुख्यतः साध्या गिलेमॉटच्या. २०१८ च्या सुमारास त्यांच्या गटाने दाखवलं की निमुळत्या अंड्याची एक बाजू लांब आणि जवळपास सपाट असते, त्यामुळे ते उतरत्या दगडावर नुसतं ठेवलं तरी जागच्या जागी बसतं. गोलसर अंडं त्याच उतारावर चालू पडतं. म्हणजे मुद्दा घरंगळल्यावर काय होतं हा नसून मुळात घरंगळू नये हा आहे. त्याच गटाचा आणखी एक विचार: कंगोऱ्यावर विष्ठेचा चिखल असतो, आणि निमुळत्या आकारामुळे जाडं टोक वर, स्वच्छ राहतं. श्वासाची छिद्रं तिकडेच जास्त. दोन्ही कारणं एकत्र असायला काहीच हरकत नाही. ब्रुनिकचं अंडं साध्या गिलेमॉटच्या मानाने थोडं कमी टोकदार असतं.

पण सगळ्यात मोठा आधार आकार नाहीच, पाय आहेत. पक्षी अंडं पायाच्या पडद्यांवर घेऊन त्यावर बसतो आणि पाळी बदलताना दोघं अंगाला अंग लावून ते सरकवतात. घरटं नसल्यामुळे आपलं अंडं कुठलं हे जागेवरून कळणं कठीण, म्हणून प्रत्येक मादीच्या अंड्याचा रंग आणि ठिपके वेगळे: निळसर, हिरवट, पांढरं, वर तपकिरी-काळी रेघोट्यांची गिचमिड. अंडं पडलंच तर हंगामाच्या सुरुवातीला ती दोनेक आठवड्यांत दुसरं घालू शकते. उशिरा पडलं तर ते वर्ष गेलं.

---

सायली_वाचते

बाप रे, धागा जोरात आहे! भिंगताई, नाशपातीची गोष्ट मीही शाळेत ऐकलेली, आज सुटका झाली.

काका, लेकीचे पुढचे प्रश्न आलेत. पिल्लू गारठत कसं नाही, आणि मग ते जातं कुठे? दुसऱ्या प्रश्नाला 'दूर' हे उत्तर तिने नामंजूर केलंय.

---

तुषार_उत्तर

जातात त्यातले बरेच माझ्या खिडकीखाली 😀

मी न्यूफाउंडलंडला, सेंट जॉन्समध्ये राहतो. कॅनडाच्या आर्क्टिकमधले आणि ग्रीनलंडचे ब्रुनिक हिवाळ्यात आमच्या किनाऱ्याबाहेर येतात. इथे त्यांना टर म्हणतात, आणि इथले लोक ते खातात. धक्का बसला असेल तर सांगतो, हे कायदेशीर आहे. न्यूफाउंडलंड-लॅब्राडोरमध्ये आदिवासी नसलेल्या रहिवाशांनाही टरची शिकार करता येते, कॅनडात दुसऱ्या कुठल्याच समुद्रपक्ष्याबद्दल असं नाही. १९४९ साली हा प्रांत कॅनडात आला तेव्हा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदाही लागू झाला, पण टर हे हिवाळ्याचं अन्न होतं म्हणून सवलत मिळाली. एके काळी लाखांनी पक्षी मारले जायचे. १९९३ पासून दिवसाला २० ची मर्यादा आहे आणि विकायला बंदी. म्हणून दुकानात मिळत नाही, शेजाऱ्याने दिला तर.

माझ्या शेजाऱ्याने दिला. गडद लाल, जवळजवळ काळं मांस, कारण बुडी मारणाऱ्या स्नायूंत प्राणवायू साठवणारं मायोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. ते दिसतं म्हणजे अक्षरशः दिसतं. पिसं उपटणं हा मात्र छळ आहे, इतकी दाट. ओल्या बोटांनी पंधरा मिनिटं उपटत होतो आणि आतली कातडी कोरडी ठणठणीत. लेकीच्या गारठ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं मला.

चव? माशाच्या तेलात मुरवलेलं मटण समजा. पुन्हा नको.

---

अनघा_वि

तुषार, 😐

तापमान वाढीचा काय परिणाम? बर्फ कमी झाला की या पक्ष्यांना उलट मासेमारी सोपी जात असेल का?

---

काचेचं_भिंग

कोट्स बेटावरून थोडं उत्तर मिळतं, तिथे टोनी गॅस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून नोंदी ठेवल्यात. कड्यावर बसून, दुर्बिणीने, कोणता पक्षी चोचीत कुठला मासा घेऊन आला हे लिहायचं. कंटाळवाणं काम, पण त्यातून कळलं की आधी पिल्लांना मुख्यतः ध्रुवीय कॉड मिळायचा. हा मासा बर्फाच्या आश्रयाने राहतो. १९९० च्या मध्यानंतर त्याचं प्रमाण घसरलं आणि कॅपेलिन नावाचा दक्षिणेकडचा मासा वाढला. म्हणजे पक्ष्यांची चोच म्हणजे तिथल्या समुद्राचं जाळंच झालं. बर्फ लवकर वितळल्यावर पक्ष्यांनी अंडीही थोडी लवकर घालायला सुरुवात केली, पण समुद्रातला हंगाम जितका लवकर येऊ लागला तितकी लवकर नाही.

आणि डास! हे वाचून मी दोनदा तपासलं. त्याच बेटावर डासांचा मोसम लवकर यायला लागला आणि अंड्यावर बसलेल्या पक्ष्यांच्या पायाच्या पडद्यांवर डासांचे थरच्या थर. वारा पडलेला, ऊन, वर काळी पाठ आणि ती जाडजूड पिसं. काही पक्षी उठून गेले, अंडी गलांनी नेली. काही बसल्या जागी मेले. २००२ मध्ये यावर शोधनिबंध आला. त्याशिवाय बर्फ नसल्याने किनाऱ्यावर अडकलेली ध्रुवीय अस्वलं कड्यावर चढून अंडी-पिल्लं खाऊ लागली. सील पकडायला बर्फ लागतो, अंडं खायला लागत नाही.

तरी जगभरात या पक्ष्याची संख्या २ कोटींच्या वर मानतात, म्हणून धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो 'काळजी नाही' या गटात आहे. स्वालबार्ड आणि आइसलँडमध्ये मात्र घसरण स्पष्ट आहे.

---

इंजिनरूम_निवृत्त

संख्येवरून आठवलं. यांच्याच कुळातला ग्रेट ऑक तर या सगळ्यांपेक्षा थोराड. उडणं त्याने पार सोडलं होतं. माणूस बेटांवर पोचला आणि त्याला चालता चालता काठीने मारू लागला. शेवटची जोडी आइसलँडजवळ एल्डे बेटावर १८४४ मध्ये मारली गेली. तेव्हा महाग तर महाग, ते उडणं ब्रुनिकला कामी आलंय.

तुषार, शिकारीपेक्षा मला तुमच्याकडच्या तेलाचा राग जास्त. इंजिनरूमच्या तळाशी, बिल्जमध्ये, तेलकट पाणी साचतं. ते सेपरेटरमधून, म्हणजे तेल आणि पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रातून काढून, तेलाचं प्रमाण दहा लाखांत १५ भागांच्या आत आलं तरच समुद्रात सोडायचं असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. उरलेला गाळ बंदरात पैसे देऊन उतरवायचा. पैसे वाचवायला रात्री परस्पर पाइप जोडून तसंच सोडून देणारे मी पाहिलेत. एका जुन्या बोटीवर मलाही तोंडी सांगितलं होतं. मी लेखी द्या म्हटलं, विषय तिथेच संपला. न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेला मोठा जलमार्ग आणि हिवाळ्यात तिथेच हे पक्षी. १९९० च्या दशकासाठी अभ्यासकांनी काढलेला अंदाज दरवर्षी सुमारे ३ लाख पक्ष्यांचा होता, गिलेमॉट आणि लिटल ऑक मिळून. बातमीत येते ती बुडालेली टँकर. हे रोजचं बातमीत येत नाही.

आणि पक्षी मरतो तो विष पोटात जाऊन मरेलच असं नाही. तुषारने सांगितली ती कोरडी कातडी आठवा. नाण्याएवढा तेलाचा डाग पडला की तिथली पिसं एकमेकांना चिकटतात, फट पडते, आत गार पाणी शिरतं. शून्याच्या आसपासच्या पाण्यात एक किलोचं अंग गरम ठेवायचं तर ती फट परवडत नाही.

सायलीताई, लेकीसाठी: पिल्लाची लव गेलेली असते, अंगावर दाट पिसांचा पहिला झगा आलेला असतो, शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते तिचं तेल चोचीने पिसांना चोपडतं. पाणी आत जात नाही. सोबत सतत खाणं. पाण्यात पडल्यावर थोड्याच वेळात छोट्या बुड्याही मारायला लागतं. स्वालबार्ड आणि बेअर आयलंडचे पक्षी हिवाळ्यात आइसलँडच्या आसपास आणि ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याकडे जातात. हे कळलं पायाच्या कडीला बांधलेल्या एक-दोन ग्रॅमच्या यंत्रामुळे. ते फक्त उजेड नोंदवतं, सूर्य कधी उगवला-मावळला त्यावरून जागा काढतात. उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही तेव्हा ते यंत्र निरुपयोगी, हिवाळ्यात चालतं. पिल्लू दोन-तीन वर्षांनी बहुधा आपल्याच कड्याकडे परततं, पण अंडं घालायला चार-पाच वर्षांचं व्हावं लागतं.

नॉर्वेचा सीट्रॅक म्हणून प्रकल्प आहे, त्यांचे नकाशे संकेतस्थळावर खुले आहेत. जात निवडायची, वसाहत निवडायची, महिना बदलत जायचा. लेकीला माउस द्या हातात.